घराण्यातून आलेला मधुमेह : पुढच्या अनेक दशकांची आखणी कशी करावी

कोल्हापुरात कोणत्याही दवाखान्यात मधुमेहाचा विषय निघाला की "आमच्या घरात सगळ्यांनाच शुगर आहे" हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की डॉक्टरही ते केसपेपरवर टिपून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. बहुतेक घरांत त्याचा अर्थ टाइप २ मधुमेह एवढाच असतो. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो आणि वाढता पोटाचा घेर, बैठे काम व वय यांची त्याला जोड मिळते. परंतु काही मोजक्या घरांत या वाक्यामागे एकाच जनुकातील एकच बदल असतो, जो आईकडून किंवा वडिलांकडून थेट मुलांकडे उतरतो आणि साधारणपणे विशी-पंचविशीच्या आतच रक्तातील साखर वाढवतो. या प्रकाराला एम.ओ.डी.वाय., बोलण्यात 'मोडी', असे म्हणतात. हे नाव रॉबर्ट टॅटरसॉल आणि स्टीफन फॅजन्स यांच्या १९७५ च्या लेखनातून रूढ झाले.

ज्यांच्या घरात असा मधुमेह आहे किंवा असावा अशी शंका आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. मोडीचे निदान झाल्यावर "हा आता वाढतच जाणार का?" हा प्रश्न सर्वांत आधी येतो. त्याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण बदल कोणत्या जनुकात आहे यावर पुढची चाळीस वर्षे ठरतात. एका कुटुंबात साखर जन्मभर जवळपास तिथेच राहते, तर दुसऱ्या कुटुंबात ती दर दशकाला एक पाऊल पुढे टाकते. म्हणून शेजाऱ्याच्या मधुमेहावरून आपला अंदाज बांधणे येथे फारच महागात पडू शकते.

पहिली पायरी : वंशावळ कागदावर उतरवा

एक मोठा कागद घ्या आणि किमान तीन पिढ्या मांडा. आजी-आजोबा, आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, त्यांची मुले आणि आपली भावंडे, अशी सर्व नावे लिहा. प्रत्येकापुढे मधुमेह आहे की नाही, तो कोणत्या वयात समजला, त्या वेळी अंगकाठी कशी होती आणि पहिली पाच वर्षे गोळ्यांवर गेली की इन्सुलिनवर, हे नोंदवा. मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचा आजार, बहिरेपणा किंवा जन्मताच बाळाचे वजन फार जास्त असणे यांपैकी काही घडले असेल, तर तेही लिहा. ही माहिती गोळा करण्यासाठी दिवाळीची सुट्टी किंवा घरचे लग्न यासारखी वेळ चांगली, कारण गडहिंग्लजची आत्या आणि पुण्यातला चुलतभाऊ एकाच ठिकाणी भेटतात. घरातील सर्वांत वयस्कर स्त्रीला मात्र निवांत वेळी स्वतंत्रपणे विचारा. कोणाला कोणत्या वयात "लघवीला मुंग्या लागत होत्या" हे तिलाच आठवत असते.

मोडीच्या बहुतेक प्रकारांत प्रत्येक अपत्याला हा बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के असते आणि ती मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पहिल्या दोन मुलांना तो मिळाला म्हणून तिसऱ्याचा धोका वाढत नाही किंवा कमीही होत नाही. ज्याला बदल मिळालेलाच नाही, तो तो पुढच्या पिढीला देऊही शकत नाही.

येथे सावधगिरीचा एक शब्द आवश्यक आहे. आपल्या भागात टाइप २ मधुमेह तिशीच्या आत आणि सलग तीन पिढ्यांत सर्रास दिसतो, त्यामुळे केवळ वंशावळीवरून मोडी ठरवता येत नाही. इंग्लंडमधील एक्सेटर येथे तयार झालेले, मोडीची शक्यता वर्तवणारे गणकयंत्र ऑनलाइन उपलब्ध आहे, पण ते युरोपीय वंशाच्या रुग्णांच्या माहितीवर बेतलेले आहे. भारतीय व्यक्तीने त्यातून आलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये. मान काळवंडणे, पोटाचा मोठा घेर, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी वाढलेली असणे, ही चिन्हे असतील तर आधी टाइप २ चाच विचार करणे योग्य.

दुसरी पायरी : जुने रिपोर्ट आणि दोन साध्या तपासण्या

मोडीची ओळख बहुतेक वेळा नव्या रिपोर्टपेक्षा जुन्या रिपोर्टांच्या रांगेतून होते. शाळेतील किंवा नोकरीच्या वेळची तपासणी, बाळंतपणाची फाइल, शस्त्रक्रियेपूर्वीची रक्ततपासणी, जे सापडेल ते तारखेनुसार लावा. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतर दोन तासांची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) असे तीन रकाने करा. पंधरा वर्षे उपाशीपोटीची साखर ११० ते १३० च्या दरम्यानच फिरत असेल आणि औषध असो वा नसो ती हलत नसेल, तर तो एक स्पष्ट इशारा असतो. उपाशीपोटीची साखर जवळपास सामान्य असताना जेवणानंतरची मात्र दरवर्षी चढत गेली असेल, तर तो वेगळाच इशारा असतो. लोहाची कमतरता असलेल्या रक्तक्षयात एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो, म्हणून स्त्रियांच्या बाबतीत त्याच दिवसाचे हिमोग्लोबिनही शेजारी लिहून ठेवावे.

त्यानंतर फिजिशियनकडे किंवा कोल्हापुरातील सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात जाऊन दोन गोष्टींची चर्चा करावी. पहिली म्हणजे जीएडीसारख्या अँटिबॉडींची, म्हणजे स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटलेल्या प्रतिद्रव्यांची, तपासणी. त्या आढळल्या तर टाइप १ ची, म्हणजे शरीर स्वतःच इन्सुलिनच्या पेशी नष्ट करते त्या मधुमेहाची, शक्यता प्रबळ होते आणि मोडीचा शोध बहुधा तेथेच थांबतो. दुसरी म्हणजे सी-पेप्टाइड, ज्यावरून शरीर स्वतः किती इन्सुलिन तयार करत आहे हे कळते. निदानानंतर तीन-चार वर्षांनीही सी-पेप्टाइड चांगले असेल आणि अँटिबॉडी नसतील, तर वर्षानुवर्षे टाइप १ समजून इन्सुलिन घेणाऱ्या तरुणाचेही निदान पुन्हा तपासण्यासारखे असते. मात्र या कारणाने स्वतःच्या मनाने इन्सुलिन बंद करणे जीवावर बेतू शकते. तो निर्णय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावा.

तिसरी पायरी : जनुकीय तपासणी

रक्ताचा नमुना कोल्हापुरात देता येतो. प्रत्यक्ष तपासणी बहुधा मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत होते. चेन्नईतील मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने या क्षेत्रात भारतात मोठे काम केले आहे. नमुना देण्यापूर्वी कुटुंबातील कोणाची तपासणी आधी करायची हे ठरवावे. ज्याला सर्वांत लहान वयात आणि सडपातळ असताना मधुमेह झाला, त्याची निवड सामान्यतः योग्य ठरते. त्याच्यात निश्चित बदल सापडला की इतर नातेवाइकांना संपूर्ण जनुकसंचाची तपासणी करावी लागत नाही. तेवढी एकच जागा तपासली तरी भागते आणि खर्च बराच कमी होतो.

रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असा शेरा आला, तर तो निदान समजू नये. अशा वेळी तोच बदल मधुमेह असलेल्या नातेवाइकांत आहे आणि नसलेल्यांत नाही, हे पाहिल्याने चित्र स्पष्ट होण्यास मदत होते. पहिल्या पायरीतील वंशावळ येथे पुन्हा उपयोगी पडते.

जनुक कळल्यावर : कोणता मार्ग कसा जातो

ग्लुकोकायनेज, म्हणजे जीसीके या जनुकातील बदल हा सर्वांत सौम्य प्रकार. ग्लुकोकायनेज हे स्वादुपिंडाच्या पेशींना रक्तातील साखर किती आहे हे सांगणारे विकर आहे. ते किंचित उशिरा जागे होते, त्यामुळे शरीर साखर नेमाने नियंत्रित करते, पण थोड्या वरच्या पातळीवर. मार्केट यार्डातील गुळाच्या तराजूला कायमचा पासंग असावा, तसे हे आहे. उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण १०० ते १४५ मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते आणि एचबीए१सी वयानुसार सुमारे ५.६ ते ७.६ टक्के असतो. वय वाढते तशी ती अगदी थोडी वर सरकते, इतर कोणाचीही सरकते तेवढीच. गोळ्या सुरू केल्या किंवा बंद केल्या, तरी एचबीए१सीमध्ये फारसा फरक पडत नाही, म्हणून गरोदरपण सोडता औषधांची गरज नसते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात सरासरी सुमारे ४८ वर्षे अशी साखर राहिलेल्या लोकांचा मागोवा घेण्यात आला. त्यांच्यात गंभीर गुंतागुंत सामान्य लोकांइतकीच कमी आढळली. दृष्टिपटलावरील सौम्य बदल मात्र ३० टक्के लोकांत दिसले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत ते १४ टक्के होते.

याचा अर्थ असा नव्हे की जीसीके असलेल्याने निर्धास्त व्हावे. अशा व्यक्तीलाही इतरांसारखाच पुढे टाइप २ मधुमेह होऊ शकतो आणि मग साखर अपेक्षित पट्ट्याबाहेर जाते. वर्षातून एकदा एचबीए१सी करावा. तो ७.६ च्या वर जाऊ लागला किंवा वजनाबरोबर चढू लागला, तर "आमची तर मोडी आहे" असे म्हणून दुर्लक्ष करू नये.

एचएनएफ१ए या जनुकातील बदलाचा प्रकार मात्र दशकागणिक बदलत जातो, आणि सर्वांत अधिक नियोजन येथेच लागते. बालपणी साखर सामान्य असते. त्यानंतर स्वादुपिंडातील पेशींची इन्सुलिन सोडण्याची क्षमता हळूहळू कमी होते. युरोपीय कुटुंबांच्या अभ्यासात बदल असलेल्या लोकांपैकी सुमारे ६३ टक्क्यांना २५ वर्षांपर्यंत, ७९ टक्क्यांना ३५ पर्यंत आणि ९६ टक्क्यांना ५५ पर्यंत मधुमेह झाल्याचे दिसले. आईला गरोदरपणातच मधुमेह असेल, तर बदल मिळालेल्या बाळाला तो सरासरी सुमारे १२ वर्षे आधी होतो, असेही आढळले आहे. सुरुवातीला फक्त जेवणानंतरची साखर वाढते. ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत दोन तासांनंतरची साखर ९० मिलिग्रॅमहून अधिक उडी घेऊ शकते, पण उपाशीपोटीचा आकडा त्या वेळीही निर्दोष दिसतो. या व्यक्तींच्या मूत्रपिंडातून साखर लवकर गळते, त्यामुळे रक्तात मधुमेह ठरण्याआधीच लघवीत साखर दिसू शकते.

या प्रकारात सल्फोनिलयुरिया गटातील जुन्या, स्वस्त गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिक्लाझाइड, विलक्षण प्रभावी ठरतात. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ग्लिक्लाझाइडमुळे होणारी साखरेची घट टाइप २ च्या तुलनेत सुमारे चौपट होती, तर टाइप २ च्या नेहमीच्या मेटफॉर्मिन गोळीचा परिणाम तितका नव्हता. म्हणूनच नेहमीच्या प्रौढ मात्रेच्या चौथाई भागाने, म्हणजे २० मिलिग्रॅमच्या आसपास, सुरुवात करण्याची पद्धत आहे. आपल्या डॉक्टरांना जनुकीय रिपोर्ट न दाखवता नेहमीची मात्रा घेतली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. नवरात्रातील उपवास, जोतिबाचा डोंगर चढताना, तालमीत सकाळी उपाशीपोटी जोर काढताना किंवा ऊसतोडीच्या दिवसांत दुपारचे जेवण लांबले असताना हा धोका अधिक असतो. घाम, थरथर, घाबरल्यासारखे होणे किंवा असंबद्ध बोलणे, ही लक्षणे दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडाने काहीही देऊ नये आणि लगेच रुग्णालय गाठावे. उपवासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

या गोळ्या किती वर्षे पुरतात, हे व्यक्तीनुसार वेगळे असते. काहींना तीन-चार वर्षांत, काहींना वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्या औषधाची किंवा इन्सुलिनची जोड लागते. ही वेळ आली म्हणजे रुग्णाने पथ्य मोडले असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये. जी क्षमता हळूहळू ओसरणार होती, ती ओसरली, एवढेच त्याचे कारण. याच गोष्टीचा सर्वांत जुना पुरावा अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आहे. फॅजन्स यांनी तेथे १९५८ पासून एकाच मोठ्या कुटुंबाचा पिढ्यान् पिढ्या पाठपुरावा केला. त्या कुटुंबातील जनुक एचएनएफ४ए असल्याचे १९९६ मध्ये समजले, आणि त्यातही इन्सुलिन सोडण्याची क्षमता वर्षाला १ ते ४ टक्क्यांनी घटत असल्याचे दिसून आले.

एचएनएफ१ए असलेल्यांना डोळे, मूत्रपिंड आणि नसा यांची गुंतागुंत इतर मधुमेहींप्रमाणेच साखरेच्या नियंत्रणानुसार होते. हृदयविकाराचा धोकाही वाढतो, म्हणून चाळिशीच्या सुमारास स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू करण्याचा विचार डॉक्टर करतात. गंमत अशी की यांचे एचडीएल, म्हणजे 'चांगले' कोलेस्टेरॉल, बहुधा उत्तम असते आणि लिपिड रिपोर्ट नजरेला सुरेख दिसतो. त्यावर निश्चिंत राहू नये.

एचएनएफ४ए चा पुढील प्रवास बहुतांशी एचएनएफ१ए सारखाच असतो आणि सल्फोनिलयुरियालाही तो तसाच प्रतिसाद देतो. फरक जन्मवेळी असतो. बदल असलेली बाळे सरासरी सुमारे ८०० ग्रॅम अधिक वजनाची जन्मतात आणि त्यांपैकी काहींची साखर जन्मानंतर खूप उतरते. पुढे ती सामान्य होते आणि तारुण्यात मधुमेह येतो. म्हणून जुनी डिस्चार्ज कार्डे जपून ठेवावीत.

एचएनएफ१बी या जनुकातील बदलात साखरेइतकेच, किंबहुना अधिक लक्ष मूत्रपिंडाकडे द्यावे लागते. सोनोग्राफीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी, रक्तात मॅग्नेशियम कमी, युरिक अ‍ॅसिड वाढलेले, यकृताच्या चाचण्या थोड्या बिघडलेल्या, अशी चिन्हे एकत्र दिसू शकतात. सुमारे निम्म्या रुग्णांत हा बदल नव्यानेच घडलेला असतो, म्हणजे घरात कोणालाच मधुमेह नसतो. सल्फोनिलयुरियाचा येथे सहसा उपयोग होत नाही आणि इन्सुलिन लवकर लागते.

वर्षाचे वेळापत्रक

जीसीके असेल तर वर्षाला एक एचबीए१सी पुरेसा, आणि वजन व रक्तदाब पाहणे इतरांसारखेच. एचएनएफ१ए आणि एचएनएफ४ए असेल तर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी, आणि वर्षातून एकदा बाहुली विस्तारून केलेली नेत्रतपासणी, मूत्रपिंडासाठी लघवीतील अल्ब्युमिन व रक्तातील क्रिएटिनिन, लिपिड आणि पायांची तपासणी करावी. एचएनएफ१बी असेल तर याच्या जोडीला मॅग्नेशियम, युरिक अ‍ॅसिड आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी. साखर कितीही चांगली असली तरी डोळ्यांची तपासणी चुकवू नये.

आहाराबाबत कोल्हापुरात एक गैरसमज फार पक्का आहे : गूळ चालतो, साखर चालत नाही. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते आणि रक्तातील साखर तो तशीच वाढवतो. एचएनएफ१ए मध्ये जेवणानंतरची उसळी हाच मुख्य प्रश्न असल्याने, एका बैठकीत किती भात, किती भाकरी आणि सोबत किती गोड, यांचा हिशेब महत्त्वाचा ठरतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर तीन भाकऱ्यांऐवजी एक घेणे, हा बदल घरात अमलात आणता येण्यासारखा आहे. जीसीके असलेल्यावर मात्र कडक पथ्य लादण्याचे कारण नाही. त्याने सर्वांसारखे जेवावे, आणि सर्वांनाच लागू असलेला मर्यादेचा नियम पाळावा.

मुलांची तपासणी आणि लग्नाचा प्रश्न

जीसीकेच्या घरात मुलाची उपाशीपोटीची साखर एकदा तपासली तरी बराच उलगडा होतो, कारण ती जन्मापासून वाढलेली असते. एचएनएफ१ए किंवा एचएनएफ४ए च्या घरात दहा वर्षांच्या सुमारापासून दरवर्षी जेवणानंतरची साखर पाहणे योग्य. जनुकीय तपासणी करायची तर मुलाला समजेल असे बोलून, पालकांच्या संमतीने आणि शक्य असल्यास तज्ज्ञांच्या सल्ल्यानंतरच करावी. बदल असल्याचे कळले म्हणून शाळेत खेळ किंवा तालीम बंद करू नये.

आपल्या भागात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा अजूनही टिकून आहे, म्हणून पुढील मुद्दा थोडा सविस्तर सांगणे गरजेचे वाटते. वधू आणि वर दोघांनाही एकाच आजोबांकडून जीसीकेचा बदल आलेला असेल, तर दोघांचीही साखर फक्त किंचित वाढलेली असते आणि कोणाला औषध लागत नाही. परंतु त्यांच्या बाळाला दोन्हीकडून बदल मिळण्याची शक्यता दर वेळी २५ टक्के असते, आणि असे बाळ जन्मल्यापासून काही दिवसांतच गंभीर, कायमचा मधुमेह घेऊन येते. त्याला इन्सुलिन लागते. त्यामुळे नात्यात सोयरिक ठरत असेल आणि दोन्ही घरांत "थोडीशी शुगर" असेल, तर पत्रिकेआधी दोघांची उपाशीपोटीची साखर तपासून घेणे शहाणपणाचे ठरते. सहा महिन्यांच्या आत कोणत्याही बाळाला मधुमेह झाला, तर त्याची जनुकीय तपासणी तातडीने करावी, कारण काही प्रकारांत इन्सुलिनऐवजी सल्फोनिलयुरिया गोळ्यांवर बाळ चांगले राहू शकते.

गरोदरपण

गरोदरपणाची तयारी मूल हवे असे ठरवल्यापासूनच सुरू करावी, कारण स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या आधी बदलाव्या लागतात. जीसीके असलेल्या आईच्या बाबतीत बाळाला बदल मिळाला आहे की नाही, यावर सर्व काही अवलंबून असते. मिळाला असेल तर बाळ सहसा सामान्य वजनाचे होते. मिळाला नसेल तर आईची साखर बाळाला जास्त वाटते आणि त्याचे वजन सुमारे अर्धा ते पाऊण किलोने वाढू शकते. हे जन्मापूर्वी नेहमी कळत नसल्याने सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर पाहून इन्सुलिनचा निर्णय घेतला जातो. एचएनएफ१ए असलेल्या आईच्या गोळ्यांबाबत निर्णय लवकर घ्यावा, कारण सल्फोनिलयुरिया बाळापर्यंत पोहोचते आणि शेवटच्या महिन्यांत साधारणपणे इन्सुलिनकडे वळले जाते. एचएनएफ४ए मध्ये बाळाचे वजन आणि जन्मानंतरची साखर या दोन्हींवर लक्ष लागते. बदल वडिलांकडून आलेला असला तरीही हेच लागू पडते, पण त्याची नोंद केसपेपरवर कोणीच करत नाही. ती स्वतःहून सांगावी, आणि प्रसूती नवजात शिशूंच्या सोयी असलेल्या ठिकाणी ठरवावी.

फाइल कशी ठेवावी

प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर जनुकाचे नाव, बदलाची नोंद जशी रिपोर्टवर आहे तशी आणि सध्याची औषधे मात्रेसह लिहावीत. दुसऱ्या पानावर वंशावळ. त्यानंतर वर्षनिहाय एचबीए१सी, वजन, रक्तदाब आणि डोळ्यांच्या तपासणीचा शेरा, एका वर्षाला एक ओळ. दहा वर्षांच्या दहा ओळी एकाखाली एक आल्या, की गोळीचा परिणाम केव्हा ओसरू लागला हे डॉक्टरांना एका नजरेत दिसते. मूळ जनुकीय रिपोर्टच्या प्रती प्रत्येक सज्ञान अपत्याकडे द्याव्यात, मुलगी सासरी गेली असली तरी, आणि नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलाने तिथल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच ती दाखवावी. अन्यथा एखादा घाईतला दवाखाना ती साखर टाइप २ समजून मेटफॉर्मिनची पूर्ण मात्रा लिहून देईल.